स्विस तळ्याकाठी पाहुण्यांसोबत: तुमचे अनुभव लिहा

आम्ही थून तळ्याकाठी, स्पीझला राहतो. गेल्या जुलैत सांगलीहून मैत्रीण आणि तिचा नवरा आठ दिवसांसाठी आले, तासातासाची यादी घेऊन. तिसऱ्या दिवशी युंगफ्राउयोख, ते बर्फातलं उंच ठिकाण, ढगात होतं. बेत रद्द झाला आणि यादी फ्रीजवर चिकटून राहिली ती राहिलीच. मग रोजचं एकच: गॅलरीत चहा, समोर भूमितीच्या पुस्तकातून काढल्यासारखा नीसेन डोंगराचा त्रिकोण, आणि दुपारी 'बाडी', म्हणजे गावाची पोहायची जागा. कृष्णेत पोहलेला गडी, पण पाण्यात पाय घातला आणि ओरडलाच, "अगं, हे माठातलं आहे!" दोन दिवसांनी तोच टॉवेल घेऊन दारात उभा. 'ब्ल्यूमलिसआल्प' या १९०६ च्या वाफेच्या बोटीत इंजिन वरून दिसतं. तो तासभर कठड्याला टेकून दांडे बघत होता, तळ्याकडे पाठ करून.

तुमच्याकडे काय घडलं? काय बघितलं ते नको, कसे राहिलात ते लिहा.

*

आमचं शेजारचं ब्रिएन्झ तळं. थूनपेक्षा थंड, त्यामुळे पोहण्याचं कौतुक पाच मिनिटांत संपतं. रंग मात्र असा की मित्राला वाटलं कुणीतरी मोरचूद टाकलंय. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पूड नद्यांतून येते, तिचा तो रंग. इझेल्टवाल्डला एका कोरियन मालिकेमुळे गाजलेला छोटा धक्का आहे, फोटोसाठी ५ फ्रँक. मित्राच्या मुलीला जायचंच होतं. वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "पाचशे रुपये, फळीवर उभं राहायला? तू जा, आम्ही इथूनच हात हलवतो."

*

मी पाहुणी होते, झुरिक तळ्याजवळ, आईला घेऊन. रविवारी सकाळी ओल्या खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला तर मैत्रीण धावत आली. रविवारी आवाज नको! खलबत्ता काढला, तर तो त्याहून वाईट. शेवटी दह्यात दाण्याचं कूट. रात्री नऊलाही लख्ख उजेड, आईला दिवेलागण कळेना. तिसऱ्या दिवसापासून ती घड्याळ बघून सातला निरांजन लावायची.

*

जरा उलटं लिहितो. निवांतपणा पाहुण्यांचा असतो. बाहेरच्या जेवणाची बिलं बघून सगळे "घरीच करू" म्हणतात, आणि सात माणसांची तीन वेळची भांडी कुणाकडे येतात ते सांगायला नको. पाहुणे प्रेमाचे होते, तरीही. आता आम्ही पहिल्याच दिवशी पाळ्या लावतो. कुणाला राग आलेला नाही. एकाला आला होता, तो पोळ्या लाटायला लागला.

*

जिनिव्हा तळ्यावरचं लावो. डोंगरउतारावर द्राक्षांच्या पायऱ्यापायऱ्या, २००७ पासून जागतिक वारशात. तिथले लोक म्हणतात, या वेलींना तीन सूर्य: एक आकाशातला, एक पाण्यातून परतणारा, आणि तिसरा दगडी बांधांत साठलेला. सँ-साफोराँपासून ल्युत्रीपर्यंत चालायचं ठरवलं होतं. पहिल्या बाकावर बसलो, मैत्रिणीने भडंगाची पुडी सोडली, कॉलेजातलं कुणाचं तरी जुनं भांडण निघालं आणि संध्याकाळ झाली. निघताना तिने बांधाला हात लावला. "अगं, अजून गरम आहे," म्हणाली, आणि पाठ टेकून परत बसली. आठची गाडी गेली.