द थिंग (बेन ग्रिम): आधी जोडीची मालिका, मग एकट्याची? वाचायला कुठून घ्यावं?

सईसातारा

नमस्कार मंडळी. माझा भाचा अकरावीत आहे. फँटॅस्टिक फोरचा नवा सिनेमा पाहिल्यापासून त्याला दगडी अंगाच्या बेन ग्रिमचं वेड लागलंय. वाढदिवसाला त्याच पात्राचे कॉमिक्स द्यावेत असं मनात आहे, पण शोधायला बसले आणि पार गोंधळले. पात्र १९६१ चं. ‘द थिंग’ नावाची त्याची स्वतःची मालिका मात्र १९८३ ची, आणि त्याच नावाची आणखी एक २००६ ची. त्याआधी १९७४ पासून ‘मार्व्हल टू-इन-वन’, ज्यात दर अंकात त्याच्याबरोबर दुसरा कुणीतरी नायक. मग इतकी वर्षं त्याला स्वतःचं पुस्तक का मिळालं नाही? सहसा नायक आधी एकटा गाजतो आणि मग जोड्या जमतात ना?

आणखी एक. एका ओळखीच्यांकडे ‘टू-इन-वन’चा काळ्या-पांढऱ्या छपाईचा जाड खंड पाहिला, त्यात अंक २० संपल्यावर एकदम २२ सुरू होतो. पानं गळलीत का?

तळ्यातमळ्यात

पानं गळलेली नाहीत, खंड बिनधास्त घ्या. २१ व्या अंकात बेनबरोबर डॉक सॅव्हेज आहे. हे १९३० च्या दशकातल्या स्वस्त कथामासिकांतलं पात्र, मार्व्हलचं नव्हे. तेव्हा मार्व्हलने हक्क भाड्याने घेतले होते, ते संपले, म्हणून पुनर्मुद्रणात तो अंक घेता आला नाही. चौथ्या खंडात ९९ वा अंकही सापडणार नाही. त्यात रॉम आहे, आणि तो मुळात एका खेळणी कंपनीचा. बाकी इतिहास कातळशिल्प सांगतील, हा त्यांचा विषय.

कातळशिल्प

सईताई, क्रम उलटा दिसतो, पण बेनच्या बाबतीत तोच सरळ आहे. माझं मत आधीच सांगतो. बेन एकटा असला की स्वतःच्या दुःखात रुतून बसतो, आणि त्याचे लेखकही तिथेच रुततात. समोर दुसरं माणूस आलं की त्याची जीभ सुटते. तो भांडतो, चिडवतो, काळजी घेतो. म्हणून त्याचं खरं घर म्हणजे ‘टू-इन-वन’चे शंभर अंक.

‘फँटॅस्टिक फोर’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ चा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. (या सगळ्या तारखा मुखपृष्ठावरच्या. अंक प्रत्यक्षात दोन-तीन महिने आधीच विक्रीला यायचा.) कर्बी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब ज्यू कुटुंबातला. तिथल्या डेलान्सी स्ट्रीटवरूनच बेनच्या लहानपणीची यान्सी स्ट्रीट आली. रीड, त्याची बायको सू, तिचा भाऊ जॉनी आणि बेन या चौघांपैकी वेगळं सदर पहिल्यांदा मिळालं ते जॉनीला, म्हणजे ह्यूमन टॉर्चला: ‘स्ट्रेंज टेल्स’ १०१, ऑक्टोबर १९६२. त्या कथा अगदीच किरकोळ होत्या. अंक १२३ पासून, ऑगस्ट १९६४ मध्ये, जॉनीच्या जोडीला बेन आला. वर्षभरात, १३४ व्या अंकाला, दोघांचंही सदर संपलं आणि जागा गुप्तहेर निक फ्युरीला गेली. आज त्या वाचायलाच हव्यात असं काही नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या: चौघांच्या पुस्तकाबाहेर बेनला मिळालेलं पहिलं नियमित कामसुद्धा जोडीचंच होतं.

मग मोठा खंड पडला. मार्च १९७२ मध्ये ‘मार्व्हल टीम-अप’ निघालं, स्पायडर-मॅन आणि दर अंकाला एक पाहुणा. ते चाललं. तोच साचा बेनवर वापरून पाहायचा म्हणून ‘मार्व्हल फीचर’चे शेवटचे दोन अंक त्याला दिले. ११ व्यात (सप्टेंबर १९७३) हल्कशी मारामारी, १२ व्यात आयर्न मॅन; दोन्हींची चित्रं जिम स्टारलिनची. आणि जानेवारी १९७४ ला ‘मार्व्हल टू-इन-वन’ क्रमांक १: लेखक स्टीव्ह गर्बर, चित्रकार गिल केन, पाहुणा मॅन-थिंग.

अशा पुस्तकाचा धंद्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कॉमिक्स तेव्हा मुख्यतः वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आणि किराणा-औषधांच्या दुकानांतल्या फिरत्या मांडणीवर विकली जात. पुढचा अंक त्याच दुकानात येईलच याची मुलांना खात्री नसायची. त्यामुळे एका अंकात सुरू होऊन संपणारी, ओळखीचा एक आणि नवा एक चेहरा असलेली गोष्ट सोयीची. प्रकाशकालाही दोन फायदे. नवं पात्र कमी जोखमीत लोकांपुढे आणता यायचं आणि बंद पडलेल्या मालिकांच्या लोंबकळत्या गोष्टी मिटवता यायच्या. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ आज जगभर माहीत आहेत. त्यांची पहिली कथा जानेवारी १९६९ ची, त्यानंतर पाच वर्षं कुणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांना गर्बरने परत आणलं ते याच मालिकेच्या ४ आणि ५ या अंकांत. स्पायडर-वुमनला स्वतःचं पुस्तक मिळण्याआधी २९ ते ३३ या अंकांत बेनबरोबर फिरवलं. ‘स्कल द स्लेअर’ची मालिका आठ अंकांत बंद पडली होती, त्यातली अडकलेली माणसं ३५-३६ मध्ये बेनने घरी आणली. हे काम बेनलाच शोभतं. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात ते हिशेब मिटवणं वाटलं असतं. बेन गेला की वाटतं, हा जाणारच होता.

पहिले चाळीसेक अंक कमी-जास्त आहेत. ५० व्या अंकापासून (एप्रिल १९७९) मात्र मन लावून वाचा. जॉन बर्नने तो एकट्याने लिहिला आणि रेखाटला. बेनला पुन्हा साधा माणूस करणारं औषध रीडने शोधलंय, पण बेनचं शरीर आता इतकं बदललंय की ते लागू पडणार नाही. सुरुवातीच्या दिवसांत पडलं असतं. म्हणून बेन भूतकाळात जातो आणि जुन्या, मातीच्या गोळ्यासारख्या दिसणाऱ्या, कडवट बेनला जबरदस्तीने ते पाजतो. पाहुणा नायक तो स्वतःच! परत आल्यावर आरशात काहीच बदललेलं नाही. रीड समजावतो की तू ज्याला बरं केलंस तो दुसऱ्याच काळधारेतला बेन. पंधरा-सतरा पानांत इतकं नीट बसवलेलं दुःख मी या प्रकारच्या कॉमिक्समध्ये क्वचित पाहिलंय.

लगेच पुढे ५३ ते ५८, ‘प्रोजेक्ट पेगॅसस’. लेखक मार्क ग्रूएनवाल्ड आणि राल्फ मॅकियो, चित्रं आधी बर्नची आणि मग जॉर्ज पेरेझची. ऊर्जा-संशोधन केंद्रात बेन सुरक्षारक्षक म्हणून काम धरतो. क्वेसार आहे, थंड्रा आहे, बिल फॉस्टर इथेच जायंट-मॅन नाव घेतो.

पण मला खरं सांगायचंय ते रॉन विल्सनबद्दल. बर्न आणि पेरेझ यांची नावं सगळे घेतात. १९७५ पासून मध्ये खंड पडत का होईना, या मालिकेचा मोठा भाग रेखाटला तो ब्रुकलिनच्या या कृष्णवर्णीय चित्रकाराने. शंभरावा अंक त्याचा, आणि नंतरच्या ‘द थिंग’चे बहुतेक अंकही त्याचेच. त्याचा बेन जाडजूड, खांदे पडलेला, कामावरून परतलेल्या माणसासारखा उभा राहतो. विल्सनला मुष्टियुद्धाचं प्रेम होतं, ‘सुपर बॉक्सर्स’ ही चित्रकादंबरी त्याचीच. ते प्रेम ‘टू-इन-वन’च्या १९८२ मधल्या सातव्या वार्षिकांकात पुरेपूर उतरलंय. विश्वाचा चॅम्पियन पृथ्वीवरचे बलवान निवडून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्याशी लढतो. थॉर, हल्क, नेमॉर, कोलॉसस, सगळे बाद होतात किंवा हरतात. बेन हाडं मोडेपर्यंत मार खातो, पण हार मानत नाही, आणि शेवटी चॅम्पियनच थांबतो. टॉम डीफाल्कोने लिहिलेली ही कथा मी अजूनही दरवर्षी काढून वाचतो.

डीफाल्को-विल्सन जोडीचाच ८६ वा अंक (एप्रिल १९८२). बेन सँडमॅन या खलनायकाला पकडायला बारमध्ये शिरतो आणि मारामारीच होत नाही. दोघे बिअर घेतात, बोलतात, आणि बेन त्याला जाऊ देतो. सँडमॅन त्यानंतर काही वर्षं खरोखर सुधारला. अशा कथेसाठी टेबलाच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं लागतं.

शंभराव्या अंकाने (जून १९८३) मालिका थांबवली आणि पुढच्याच महिन्यात ‘द थिंग’ क्रमांक १ आला. लेखक पुन्हा बर्न. पहिला अंक उत्तम आहे: यान्सी स्ट्रीट, टोळीयुद्धात मेलेला थोरला भाऊ डॅनियल, बेनचं बालपण. पुढे १९८४ च्या ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये बेन परग्रहावरच मागे राहिला, चौघांत त्याची जागा शी-हल्कने घेतली, आणि ११ ते २२ हे अंक तो तिथे एकटा भटकतो. परत आल्यावरही घरच्यांत गेला नाही. माइक कार्लिनच्या काळात कुस्तीच्या आखाड्यात उतरला. शॅरन व्हेंचुरा तिथे भेटते, ते अंक मला आवडतात. तरीही ३६ व्या अंकाला, जून १९८६ मध्ये, पुस्तक बंद झालं. त्याला घरापासून तोडलं, हेच माझ्या मते कारण.

रात्रपाळी

कातळशिल्प, माहिती पटली, निष्कर्ष नाही पटला. २००६ ची डॅन स्लॉट आणि आंद्रेआ दी विटो यांची ‘द थिंग’ तुम्ही एका ओळीतही घेतली नाहीत. मला ती फोर्टच्या फुटपाथवर सुट्या अंकांत मिळाली होती. बेनकडे अचानक पैसा येतो आणि त्याचं काय करायचं हे त्याला ठरवायचं असतं. अवघे आठ अंक, पण आठव्यात त्याची बार मित्झ्वा होते. थिंग होऊन तेरा वर्षं झाली, म्हणजे हा त्याचा दुसरा जन्म धरायचा आणि तेराव्या वर्षीचा ज्यू संस्कार आता करायचा! बेन ज्यू आहे हे कथेत स्पष्टपणे आलंच मुळी २००२ मध्ये, ‘फँटॅस्टिक फोर’च्या तिसऱ्या मालिकेच्या ५६ व्या अंकात. पात्र निघाल्यावर चाळीस वर्षांनी. त्याचा धर्म, त्याची गल्ली, भाऊ, हे सगळं जोडीच्या मारामाऱ्यांत आलं असतं का? तुम्हीच वाखाणलेली डॅनियलची कथाही एकट्याच्या मालिकेतलीच आहे.

कातळशिल्प

रात्रपाळी, तो आठवा अंक राहून जायला नको होता, आठवण दिलीत ते बरं केलंत. डॅनियलच्या कथेबद्दलही तुमचं म्हणणं खरं आहे. भूतकाळ सांगायचा तर एकट्याचंच पुस्तक हवं. पण त्या बार मित्झ्वाच्या अंकात काय चाललंय बघा: नायकांची मोठी पोकरची मैफल भरलीय, सगळी पाहुणेमंडळी बेनभोवती. स्लॉटनेही नावापुरतं एकट्याचं पुस्तक ठेवून आत ‘टू-इन-वन’च लिहिलं. २००२ ची कथाही पाहा. यान्सी स्ट्रीटवरच्या म्हाताऱ्या दुकानदारासाठी बेन हिब्रू प्रार्थना म्हणतो. तिथेही समोर माणूस आहेच.

२०१५ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ हे पुस्तकच बंद झालं होतं. रीड आणि सू गेले असं सगळे धरून चालले होते. तेव्हा बेन आणि जॉनीला चिप झ्डार्स्कीने एकत्र आणलं ते २०१७ च्या शेवटी, ‘मार्व्हल टू-इन-वन’ हेच नाव देऊन. बारा अंक. ‘स्ट्रेंज टेल्स’मधली तीच जोडी, पण या वेळी दोघांच्या मध्ये घरातल्यांची रिकामी जागा आहे. आता एकट्याचं विचाराल तर २०२१ ची वॉल्टर मोझलीची सहा अंकांची मालिका घ्या. रहस्यकथांचा मोठा लेखक आहे, त्याने बेनला मान दिलाय.

सईसातारा

मनापासून आभार. भाचा एकदम शंभर अंक वाचणार नाही. पहिलं काय देऊ? आणि काळं-पांढरं चालेल का, की रंगीतच घ्यावं?

कातळशिल्प

‘प्रोजेक्ट पेगॅसस’चा सुटा रंगीत संग्रह निघालेला आहे, तो पहिला. त्या वयाला चढती गोष्ट आवडते. त्याबरोबर ५० आणि ८६ हे अंक डिजिटल मिळतील. पुढे वेड टिकलं तर काळे-पांढरे चार खंड घ्या. कागद साधा आहे, पण रंग नसल्याने अंगावरच्या भेगांचं शाईकाम उलट नीट दिसतं, आणि विल्सनची चित्रं सलग बघायला मिळतात. सातवा वार्षिकांक चौथ्या खंडात आहे. झ्डार्स्कीची मालिका मात्र लगेच देऊ नका. चौघांचे थोडे अंक वाचून झाल्याशिवाय त्यातलं रीड-सूचं नसणं त्याला लागणार नाही.

तळ्यातमळ्यात

सईताई, डॉक सॅव्हेजवाला २१ वा सुटा अंक कुठे दिसला तर घेऊन ठेवा. खंडातली रिकामी जागा त्याला दाखवून मग हातात द्या, खूश होईल.