‘गाइड’: पाऊस पाडला तिथेच कादंबरी हरवली

रानवारा:
आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ (१९५८) परवा वाचून संपवली आणि लगेच विजय आनंदचा ‘गाइड’ (१९६५) पुन्हा पाहिला. पुस्तकात गावाने साधू मानलेला आणि पावसासाठीच्या उपासाने पार गळालेला गाइड राजू नदीच्या उरल्यासुरल्या पाण्यात उभा असतो. गावकरी वेलनला म्हणतो, डोंगरात पाऊस पडतोय, पायांतून वर चढताना जाणवतोय. आणि खाली कोसळतो. संपलं! पाऊस आला का, राजू जगला का, काही सांगितलेलं नाही. सिनेमात मात्र धो धो पाऊस, देह-आत्म्याचा संवाद आणि राजूचा थेट संत. मला हे अजिबात पटत नाही.

सुमेधा_क:
मला पटतं. सिनेमातलं ‘अल्ला मेघ दे’ सचिनदांच्या (एस. डी. बर्मन) आवाजात ऐकून आपल्याच घशाला कोरड पडते. त्यानंतर पाऊस दाखवलाच नसता तर थिएटरातून उठवलं नसतं. आणि तो राजू शेवटपर्यंत शंका घेतो, आयता संत होत नाही. हेही बघा ना.

तुंगभद्रा:
पावसापेक्षा मोठा घात मार्कोचा, रोझीच्या नवऱ्याचा केलाय. पुस्तकातला मार्को कोरडा आहे, गुहांतल्या चित्रांत बुडालेला आहे, पण बाहेरख्याली नाही. म्हणून राजूकडे आलेल्या रोझीची टोचणी कधी जात नाही. नाचून नाव कमावल्यावरही साप्ताहिकात आलेला त्याचा फोटो ती कापून आरशाला लावते. तो आरसा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सिनेमाने मार्कोला गुहेत दुसऱ्या बाईबरोबर दाखवलं आणि रोझीला सोडवून टाकलं. गुंता होता तो गेला.

रानवारा:
+१. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सुमेधा_क:
तुंगभद्रा, आरशाचं मान्य. पण पुस्तकात रोझी आपल्याला दिसते ती राजूच्या तोंडून, त्याच्या नजरेतून. तिचा आनंद तिचा म्हणून कुठे भेटतो? ‘आज फिर जीने की तमन्ना है’मध्ये चित्तोडला रोझी झालेली वहिदा मोकळी सुटते, तेव्हा मध्ये सांगणारा राजू नसतो. १९६५ साली नवऱ्याला सोडून निघालेली नायिका इतकी आनंदात दाखवणं, हे सिनेमानेच दिलं. हे कमी आहे का?

पुलाखालचा:
कादंबरीतल्या मालगुडी गावाचं सिनेमात उदयपूर झालं, त्यावर कोणीच बोलत नाहीये. राजमहाल आले आणि स्टेशनवरचं दुकान मागे पडलं. राजू गाइड होतो तो त्या दुकानात. उतारू काहीबाही विचारतात आणि ‘मला माहीत नाही’ हे त्याच्या तोंडून निघतच नाही. पुढे देवळात गावकरी विचारतात तेव्हाही नाही. समोरच्याला हवं ते बोलायचं, हा त्याचा स्वभाव. आता रानवाराने वर दिलेलं शेवटचं वाक्य परत वाचा. डोंगरात पाऊस पडतोय, हे त्याला खरंच जाणवतंय, की समोर उभ्या गावाला हवं ते तो शेवटचं एकदा बोलतोय? पुस्तक मिटलं तरी मला ठरवता येत नाही. सिनेमात ढग फुटतात आणि हा प्रश्नच उरत नाही.