बॉल मिलला रबरी लायनर: सोय कोणाची, तोटा कोणाचा?

मूळ मत (देखभाल विभाग, ताम्रखनिज प्रकल्प)
ओल्या दळणाच्या दुय्यम, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या, बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी खनिज दळणाऱ्या फिरत्या पिंपात) मँगेनीज स्टीलचे लायनर, म्हणजे आतले अस्तर, बसवत राहणे केवळ सवयीपोटी चालले आहे, असे माझे मत आहे. रबराची घनता स्टीलच्या सुमारे एक-सप्तमांश असते. त्यामुळे प्लेट दीडपट जाड घेतली, तरी अस्तराचे वजन चौथाईच्या आत राहते. पायाखाली गोळ्यांचा ढीग असताना साखळीला टांगलेली जड प्लेट जागेवर आणणाऱ्या फिटरला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय रबर शेलवर (मिलच्या बाहेरच्या पिंपावर) दाबून बसत असल्यामुळे बोल्टच्या भोकांतून झिरपणारी स्लरी (खनिज-पाण्याचे मिश्रण) थांबते आणि मिलचा आवाजही कमी होतो.

प्रतिसाद (प्रक्रिया विभाग)
वजनाबद्दल वाद नाही, परंतु जाडीचा हिशेब आपण सोडून दिलात. शेलचा व्यास ३ मीटर, स्टीलची जाडी ५० मिमी आणि रबराची ७५ मिमी धरली, तर आतला व्यास २.९० वरून २.८५ मीटरवर येतो. मिलला लागणारी शक्ती व्यासाच्या साधारण अडीचाव्या घाताप्रमाणे बदलते, म्हणजे ती सुमारे ४ टक्क्यांनी घटते. विक्रेते नेमकी हीच घट ‘विजेची बचत’ म्हणून दाखवतात! मोटारीने वीज कमी घेतली, तर बहुधा दळणही कमीच झालेले असते. तुलना करायची ती प्रतिटन युनिटांची, तीही तेवढ्याच बारीकपणावर.

मूळ मत मांडणारा
विजेचा दावा मी केलेला नव्हता. आमच्याकडे अडथळा मिलच्या आधी दगड फोडणाऱ्या क्रशरपाशी आहे, मिलची क्षमता पूर्ण वापरलीच जात नाही. तेव्हा ते ४ टक्के आम्हाला जाणवणार नाहीत.

प्रतिसाद (सिमेंट उद्योग, चंद्रपूर)
कोरड्या दळणाचा उल्लेख कोणीच केला नाही. क्लिंकर (भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे) दळताना मिलमधील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, तर नैसर्गिक रबर साधारण ८० अंशांपलीकडे टिकत नाही. आमच्यासाठी हा वाद उद्भवतच नाही.

प्रतिसाद (प्रक्रिया विभाग)
मूळ मांडणी ‘दुय्यम’ आणि ‘ओले’ या दोन शब्दांवर उभी आहे, हे त्यातून दिसते. प्राथमिक मिलमध्ये ९० मिमीचे गोळे थेट लिफ्टरवर (गोळे वर उचलणाऱ्या अस्तराच्या पट्ट्यांवर) आदळू लागले की रबर झिजण्याआधी चिरते. क्रशरबद्दलचे आपले उत्तर मला पटले. मात्र उद्या क्रशर वाढवला आणि अडथळा मिलपाशी सरकला, तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे ३५० तासांचे दळण गमावल्यासारखे होईल. लायनर बदलण्याच्या कामात आपण तेवढे तास वाचवता का?

मूळ मत मांडणारा
तेवढे वाचत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरीही दोन्ही टोकांच्या हेड प्लेट रबराच्या घ्यायला आपला आक्षेप नसावा, कारण त्यांच्या जाडीने व्यास घटत नाही, लांबी मात्र किंचित कमी होते.

प्रतिसाद (प्रक्रिया विभाग)
हेड प्लेटना हरकत नाही. मात्र रबर बसल्यानंतर त्या मिलवर गॅस कटर चालवायचा, तर अग्निशमनाची तयारी आधी हवी. रबराने पेट घेतला की आत धुराने काही दिसत नाही. शेलचा निर्णय क्रशरचे नियोजन ठरेपर्यंत थांबवावा, असे माझे म्हणणे आहे.