रात्रीच्या डायपरमध्ये जादा पॅड कसा घालायचा?

सिडकोकर: वडील अंथरुणाला खिळलेले. टेपवाला लार्ज डायपर पहाटेपर्यंत टिकत नाही, कुशीकडून चादर भिजते. आत सॅनिटरी पॅड घातला तर चालेल का?

पंचवटी_शुश्रूषा: नको. त्याच्या तळाला प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे तो भरला की लघवी डायपरमध्ये न झिरपता बाजूने ओघळते. एकावर एक दोन डायपर घातले तरी तेच. बूस्टर पॅडला, म्हणजे डायपरच्या आत घालायच्या जादा शोषक पॅडला, हा थर नसतो. तो भरला की उरलेलं खाली उतरतं. दुकानदार काहीही म्हणो, घरी कागदावर पॅड ठेवून तो पूर्ण भरेपर्यंत पाणी हळूहळू ओता. खालचा कागद कोरडाच राहिला तर तो बूस्टर नव्हे.

पॅड डायपरच्या दोन्ही उभ्या झालरींच्या आतच बसला पाहिजे. झालर त्याच्याखाली दबली की मांडीतून गळती ठरलेली. पुरुषांना पॅड थोडा पुढे सरकवा, शिश्न खाली वळवा. खालचे टेप आधी, किंचित वर तिरके. वरचे नंतर, खाली तिरके.

गंगापूररोड: व्हॅसलीनचा जाड थर नको, तो पॅडला लागला की शोषण मंदावतं. शी झाली तर मात्र लगेच बदला, पॅड कितीही कोरडा असो. आणि एवढं करूनही कुशीकडूनच भिजत असेल तर कमरेचं माप घ्या, बहुतेक डायपरच मोठा होतोय. बूस्टरसाठी नाशिकच्या गोळे कॉलनीत विचारा, औषधांचा घाऊक बाजार तिथलाच.