लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर डॉप्लरचा आरआय ०.८८, घाबरायचं का?

प्रश्न (रुग्णाची पत्नी): दिरांनी लिव्हरचा भाग दिला, परवा ऑपरेशन झालं. आयसीयूत सकाळ-संध्याकाळ मशीन आणून डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, करतात. काल 'हिपॅटिक आर्टरी आरआय ०.८८' (लिव्हरच्या धमनीत रक्ताला किती अडथळा आहे, तो आकडा) आलं, आदल्या दिवशी ०.७४ होतं. नॉर्मल ०.५५ ते ०.८० असं वाचलं आणि पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणतात, उद्या परत बघू. सासूबाईंना वेगळीच काळजी, टाके ताजे असताना पोट दाबतात कसे?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट): ताई, हे डॉप्लर माझं रोजचंच काम. तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत, तेव्हा निर्णय तुमच्या टीमचाच. पण आकडा सुटा वाचू नका. ठोक्याला रक्ताचा वेग सेकंदाला ५० सेंमी आणि दोन ठोक्यांच्या मधला सर्वांत कमी वेग ६ असेल, तर ५० वजा ६ म्हणजे ४४, ४४ भागिले ५०, झाला आरआय ०.८८. सुरुवातीला नवं लिव्हर सुजलेलं असतं, रक्त आत शिरायला अडतं, म्हणून आरआय चढतो. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत उतरतो.

मी दचकते ती उलट आकड्याला. आरआय ०.५ च्या खाली आणि डॉप्लरच्या आलेखात ठोक्याच्या लाटेचा चढ ०.०८ सेकंदाहून लांबलेला, म्हणजे धमनीचा जोड अरुंद झाल्याची शंका. धमनीत सिग्नलच मिळाला नाही तर उद्यावर ढकलत नाही. लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन), नाहीतर थेट ओटी.

एवढी घाई अशासाठी की ही धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. लिव्हरचं बरंचसं रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून) येतं हे खरं, पण पित्तनलिका जगतात धमनीवर. तिथे गुठळी झाली तर पेशंटला आधी काहीच जाणवत नाही, एसजीओटी-एसजीपीटी (रक्ततपासणीतले लिव्हरचे आकडे) मागाहून चढतात. वेळेत सापडली तर गुठळी काढून जोड पुन्हा करता येतो.

सासूबाईंना सांगा, प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) टाक्यांवर नाही, बरगड्यांच्या फटीतून धरतो. दाबायची गरजच नसते. आमची खरी डोकेदुखी पोटातला गॅस आणि ड्रेसिंग.

उत्तर (दुसरा सभासद): धमनीलाच वायर लावून ठेवतात असं ऐकलंय, ते बरं नाही का?

रेडिओलॉजिस्ट: हो, धमनीभोवती छोटा पट्टा आणि त्यात २० मेगाहर्ट्झचा प्रोब. वायर पोटाबाहेर, रक्त वाहण्याचा आवाज सतत ऐकू येतो, काम झालं की ओढून काढतात. पण प्रोब सरकला तरी आवाज बंद पडतो आणि सगळ्यांची धावपळ. शिवाय अडथळा कुठे आहे ते कळत नाहीच, शेवटी मशीन घेऊन मलाच बोलावतात.

प्रश्नकर्ती: राउंडला नेमकं काय विचारू?

रेडिओलॉजिस्ट: दोनच गोष्टी. डायस्टोलिक फ्लो, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधेही वाहणारं रक्त, आहे ना? आणि लिव्हरच्या आतल्या फांद्यांत सिग्नल मिळतोय ना?