मदत हवी आहे: भावाला जर्मनी, ताईला कॅनडा. शिवाजी विद्यापीठाच्या पदव्यांना ‘मान्यता’ नेमकी कुठून घ्यायची?

कळंबा_रोड (धागाकर्ता)

मंडळी, घरातल्या दोघांसाठी एकदमच विचारतोय.

१. धाकटा भाऊ: बी.ई. मेकॅनिकल, २०१९, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. एकूण ७१ टक्के, दोन विषयांत एटीकेटी, नंतर सुटले. जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करायचाय.

२. थोरली ताई: बी.कॉम. २०१४, एम.कॉम. २०१६, दोन्ही शिवाजी विद्यापीठ. लग्न २०१८ मध्ये, पासपोर्ट सासरच्या नावाचा. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवर चालणारी कायम वास्तव्याची योजना) ती मुख्य अर्जदार, दाजी सोबत.

राजारामपुरीतला एक एजंट म्हणतो, ‘दोघांच्या सगळ्या कागदांचं अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून बसणारा सरकारी शिक्का) करून घ्या, मग इंटरनॅशनल इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट काढून देतो, सगळे मिळून ४५ हजार.’ विद्यापीठ नॅक ए++ आहे म्हणून काम लवकर होईल, असंही म्हणाला. माझे प्रश्न:

अपॉस्टिल दोघांना लागतं का? असं एकच सर्टिफिकेट असतं का? तीन वर्षांचं बी.कॉम. तिकडं अर्धवट धरतात, हे खरं का? आणि विद्यापीठातून नेमके कोणते कागद उचलायचे?

---

शिक्कामोर्तब

आधी एजंटाचा हिशेब मिटवू. सगळ्या देशांत चालेल असं ‘इंटरनॅशनल इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट’ नावाचं काही अस्तित्वात नाही. कागद कोण वाचणार आहे त्यावर सगळं ठरतं. विद्यापीठाचा प्रवेश विभाग, स्थलांतर खातं, नोकरी देणारा आणि व्यवसायाचा परवाना देणारी संस्था अशी ही चार वेगळी दारं आहेत. एका दारावरचा कागद दुसऱ्या दारावर बहुतेक वेळा चालत नाही.

नॅकचंही तसंच. विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ मधून येतो. परदेशात आधी तेच बघतात. नॅक संस्थेची श्रेणी ठरवते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाची. नॅकची श्रेणी अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. अमेरिकेसाठी मूल्यांकन करताना वेस ही संस्था तीन वर्षांच्या भारतीय पदवीला तिथल्या चार वर्षांच्या बॅचलरच्या बरोबरीची धरायची की नाही हे ठरवते, तेव्हा नॅकची ‘ए’ किंवा वरची श्रेणी बघते. भावाच्या जर्मनीला मात्र तिचा काही उपयोग नाही.

अपॉस्टिल: भावाला अजिबात नको. १९६१ च्या हेग करारात भारत आला आणि २००५ पासून तो आपल्याला लागू झाला, पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशावर हरकत नोंदवली. त्यामुळं या दोन देशांत अपॉस्टिल चालतच नाही. त्याच्या जागी कागद खरे आहेत का हे एपीएस नावाचं जर्मन दूतावासाचं केंद्र तपासतं, आणि नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. एपीएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून १८,००० रुपये शुल्क भरायचं. मग अर्जाची प्रिंट सही करून, सोबत दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांच्या प्रती दिल्लीला कुरियर करायच्या. मूळ कागद पाठवायचे नाहीत.

इथं एटीकेटीवाले अडकतात. ज्या परीक्षेत विषय राहिला ती गुणपत्रिका आणि ज्यात सुटला ती, दोन्ही लागतात. बरेच जण लाजेपोटी पहिली लपवतात आणि शेवटची ‘स्वच्छ’ गुणपत्रिका जोडतात. मग सत्रांचा क्रम जुळत नाही आणि फाईल तिथंच थांबते.

एपीएस फक्त खरेपणा तपासतं, बरोबरी ठरवत नाही. बरोबरीसाठी अ‍ॅनाबिन हा जर्मन कोश बघायचा. त्यात कॉलेजचं नाव शोधू नका, संलग्न कॉलेजं बहुतेक सापडत नाहीत. पदवी देणारं विद्यापीठ शोधा. नावापुढे एच प्लस असेल तर काम सरळ. एच प्लस-मायनस असेल तर प्रकरणागणिक ठरतं. एच मायनस म्हणजे मान्यता नाही.

झेडएबी या परदेशी पदव्या तोलणाऱ्या जर्मन संस्थेचं २०८ युरोचं मूल्यांकन मास्टर्सच्या अर्जाला लागत नाही. ते नोकरीच्या व्हिसासाठी, आणि तिथंही संस्था एच प्लस असून पदवी अ‍ॅनाबिनमध्ये समकक्ष म्हणून नोंदलेली असेल तर त्या पानांच्या प्रिंट पुरतात. एजंट हे २०८ युरो ‘कंपल्सरी’ म्हणून लावतात. लक्ष ठेवा.

---

कळंबा_रोड

धन्यवाद दादा. मग ७१ टक्क्यांचं काय? बऱ्याच विद्यापीठांची अट ‘२.५ किंवा चांगले’ अशी दिसतेय. तिकडं आकडा लहान तेवढा चांगला, एवढंच कळलं.

---

शिक्कामोर्तब

सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

जर्मन गुण = १ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − उत्तीर्णतेचे किमान)

गुणपत्रिकेवर उत्तीर्णतेची मर्यादा ४० असेल तर १ + ३ × २९ ÷ ६० = २.४५. तीच मर्यादा कुणी ५० धरली तर १ + ३ × २९ ÷ ५० = २.७४. गुण तेच, पण एकात तो २.५ च्या आत बसतो आणि दुसऱ्यात बाहेर पडतो.

म्हणून गुणपत्रिकेची मागची बाजू महत्त्वाची. उत्तीर्णतेचे नियम आणि वर्गाचं कोष्टक बहुधा तिथंच छापलेलं असतं, आणि झेरॉक्सवाला पुढची बाजू काढून मोकळा होतो. मागची बाजू नसेल तर तपासणारा स्वतःच्या कोष्टकातला आकडा लावू शकतो. दोन्ही बाजू एका पीडीएफमध्ये स्कॅन करा. नियम छापलेलेच नसतील तर परीक्षा विभागातून किमान उत्तीर्ण गुणांचं पत्र घ्या, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह.

दुसरा खड्डा क्रेडिटचा. भावाच्या गुणपत्रिकेवर नुसते गुण असतील तर जर्मन विद्यापीठ विचारणार, ‘थर्मोडायनॅमिक्सचे ईसीटीएस किती?’ ईसीटीएस हे युरोपातलं क्रेडिट. तिकडं एक ईसीटीएस म्हणजे साधारण ३० तासांचं काम, घरी बसून केलेला अभ्यास धरून. आपल्याकडे अभ्यासक्रमात आठवड्याचे व्याख्यान, ट्युटोरियल आणि प्रॅक्टिकलचे तास दिलेले असतात. त्यावरून विषयवार तक्ता बनवायचा: विषय, सत्र, आठवड्याचे तास, थोडक्यात मजकूर. सोबत विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचा अभ्यासक्रम जोडायचा. अभ्यासक्रम त्याच्या प्रवेशाच्या वर्षाचाच घ्या. संकेतस्थळावर आधी नवा दिसतो, पोरं तोच जोडतात, आणि गुणपत्रिकेवरची विषयांची नावं जुळत नाहीत.

अर्ज यूनी-असिस्ट या अनेक जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत असेल तर पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, पण आधी यूनी-असिस्टची व्हीपीडी (पूर्वतपासणीचा दाखला) मागतात. व्हीपीडीवर हाच रूपांतरित आकडा छापून येतो, तेव्हा ४० आणि ५० चा घोळ त्याआधीच मिटवा.

---

फाईल_नंबर_सात

ताईचं मी सांगते. कॅनडाला ईसीए लागतं, म्हणजे पदवीचं मूल्यांकन, आणि ते फक्त तिथल्या स्थलांतर खात्यानं नेमलेल्या संस्थेकडूनच. वेस ही त्यातली एक. खातं उघडताना ‘ईसीए, स्थलांतरासाठी’ हाच पर्याय निवडायचा. अमेरिकेसाठीचा अहवाल एक्सप्रेस एंट्रीत चालत नाही, आणि ही चूक पैसे भरल्यावर लक्षात येते. ईसीए दिल्याच्या तारखेपासून ५ वर्षं चालतं. प्रोफाईल भरताना आणि नंतर पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज करताना, दोन्ही वेळी मुदत शिल्लक हवी. अपॉस्टिल तिलाही लागत नाही.

तीन वर्षांच्या बी.कॉम.ची भीती कॅनडापुरती फुकाची आहे. जोडीदारासह अर्ज असेल तर मुख्य अर्जदाराला शिक्षणाचे गुण असे: तीन वर्षं किंवा जास्त कालावधीची एक पदवी म्हणून धरली तर ११२, दोन पदव्या आणि त्यातली एक तीन वर्षांची तर ११९, मास्टर्स धरलं तर १२६. म्हणून बी.कॉम. आणि एम.कॉम. दोन्ही पाठवा. ‘एम.कॉम. वरचं आहे, तेवढंच पुरे’ म्हणून बी.कॉम. वगळणाऱ्यांचं मूल्यांकन लटकतं, कारण मास्टर्स कशावर उभं आहे तेच मूल्यांकन करणाऱ्याला दिसत नाही.

कागदांचा क्रम:

वेसचं खातं आधी उघडा म्हणजे संदर्भ क्रमांक मिळतो. तिथं तुमच्या विद्यापीठानुसार कागदांची यादी दिसते, तीच पाळायची, कुणा ओळखीच्याची नाही. गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट जाव्या लागतात. वेसचा विनंती अर्ज छापून ताईनं आपला भाग भरायचा आणि विद्यानगरला परीक्षा विभागात गुणपत्रिकांच्या प्रतींसह द्यायचा. विद्यापीठ आपला भाग भरतं, प्रती साक्षांकित करतं, पाकिटात घालतं आणि पाकिटाच्या झाकणावर सही-शिक्का मारतं. शिक्का अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर यायला हवा. संदर्भ क्रमांक पाकिटाबाहेरही लिहा.

सगळ्यात जास्त पाकिटं परत फिरतात ती सीलबंद पाकीट घरी आणून स्टॅण्डजवळच्या कुरियरनं स्वतःच्या नावानं पाठवल्यामुळं. प्रेषक विद्यापीठ हवं, पत्ता विद्यापीठाचा हवा. खर्च भरून विद्यापीठाकडूनच रवाना करा आणि पावतीचा क्रमांक मागून घ्या.

आणखी एक. ताईनं दीक्षान्ताचा अर्ज भरून पदवी प्रमाणपत्र घेतलंय का? बी.कॉम.वाल्या कित्येक जणींकडे फक्त तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र असतं आणि दहा वर्षांनी कळतं की पदवी काढलीच नव्हती. नसेल तर तो अर्ज आजच भरा, तिथं घाई चालत नाही.

आता नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पुढे आईचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. परदेशातल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणी दाखला इंग्रजीत असेल आणि त्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव असेल तर तो बहुधा पुरतो. दाखला मराठीत असेल तर भाषांतर जोडा. स्वतःचं पहिलं नावच सासरी बदललं असेल तर मात्र महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, अर्ज ऑनलाईन होतो. पदवीवरचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. पदवी मिळाली तेव्हाचं नावच तिथं बरोबर असतं.

---

पन्हाळा_पायथा

धागा पळवत नाही, पण ऑस्ट्रेलियासाठी एक. ‘एनबीए आहे म्हणजे वॉशिंग्टन अकॉर्ड लागू’ (एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायचा देशांतला करार) असं कॉलेजवाले सांगतात. मग तिथं पदव्या तपासणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडं सीडीआर (स्वतःच्या कामावरचा क्षमता-अहवाल) लिहावं लागणार नाही ना?

---

शिक्कामोर्तब

अर्धंच खरं. एनबीए २०१४ च्या जूनमध्ये अकॉर्डची कायम सदस्य झाली, पण त्यात फक्त टियर-१ अभ्यासक्रम येतात, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्थांचे आणि विद्यापीठांचे. संलग्न कॉलेजचं टियर-२ मानांकन असेल तर अकॉर्ड नाही. शिवाय मानांकन शाखेगणिक असतं, कॉलेजला सरसकट नाही, आणि तुझं पदवीचं वर्ष त्या मुदतीत बसावं लागतं. कॉलेज नंतर स्वायत्त झालं म्हणून आधीच्या तुकड्यांना मागून लागू होत नाही. एनबीएच्या यादीत शाखा, टियर आणि वर्षं तपास. बसत नसेल तर सीडीआर: तीन करिअर एपिसोड, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्द. ते दुसऱ्याकडून लिहून घेऊ नकोस भावा, नक्कल सापडली तर अर्ज बाद होतोच, वर बंदीही येते.

---

कळंबा_रोड

एजंटाला नको म्हणून कळवलं. ताईकडं एम.कॉम.ची पदवी आहे, बी.कॉम.ची खरंच काढली नव्हती. उद्या दीक्षान्ताचा अर्ज भरतो. एकच राहिलं: भावाची पदवी लॅमिनेट केलीय. चालेल?

---

फाईल_नंबर_सात

जर्मनीसाठी स्कॅन आणि झेरॉक्स निघते, सध्या अडणार नाही. पण पुढं कधी यूएई, कुवेतसारख्या आखाती देशात जायचं झालं तर मूळ पदवीच्या मागे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास असे शिक्के बसतात. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, तो कागद खिडकीवरूनच परत येतो. घरी इस्त्री फिरवून प्लास्टिक काढायला जाऊ नका, शाई सोबत निघते. गरज पडली तर विद्यापीठातून दुसरी प्रत काढा. आणि ताईची बी.कॉम.ची पदवी हातात आली की तिला साधी प्लास्टिकची फाईल घ्या.