युरेनियमचा खडक आधी फेसातून काढावा की थेट आम्लात घालावा?

नाशिकरोडचा मास्तर: माझं मत आधी सांगतो, मग तुटून पडा. झारखंडातल्या जादूगोडा खाणीच्या हजार किलो खडकात युरेनियम ऑक्साईड किलोभरही नसतं. तरी सगळा खडक दळायचा आणि सगळाच सल्फ्युरिक आम्लात घोळवायचा! दहावीला शिकवतो ती फेनतरण पद्धत, म्हणजे दळलेल्या खडकाच्या पाण्यात बुडबुडे सोडून हवं ते खनिज फेसाबरोबर वर आणायचं, ती आधी का लावू नये? बराचसा दगड तिथेच बाजूला पडला तर आम्ल किती वाचेल!

अंबड एमआयडीसी: सर, पुस्तकातली उदाहरणं सल्फाइडची. कणाला बुडबुड्याशी चिकटवणारं झॅन्थेट हे रसायन त्यांनाच धरतं. युरेनिनाइट, म्हणजे युरेनियमचं खनिज, पडलं ऑक्साईड. त्याला ओलेइकसारखी मेदाम्लं लागतात, आणि ती कॅल्साइटलाही, म्हणजे चुनखडीच्या खनिजालाही, तितक्याच प्रेमाने चिकटतात. त्यात युरेनियमचे कण खडकात बारीक विखुरलेले. सुटे करायला दळत गेलात की चिखल होतो, आणि अतिबारीक कण बुडबुड्याला नीट लागतच नाहीत.
हिशोब करा. समजा फेसात ८० टक्के आलं, पुढे आम्लाने त्यातलं ९५ टक्के सोडवलं. हाती ७६. थेट आम्लात घातलं असतं तर ९५. मधले १९ कोणाच्या खिशातून?

निफाडचा बागायतदार: द्राक्षाच्या पानावरून पाणी घरंगळतं म्हणून आम्ही फवारणीत स्टिकर घालतो. तुमचं उलटं दिसतंय, भिजणारा कण न भिजणारा करायचा. चुकीच्या कणाला औषध लागलं तर सगळंच वर येणार, एवढं कळलं. पण उरलेल्या गाळाचं काय? त्यावर कोणी बोलत नाही.

नाशिकरोडचा मास्तर: तोच तर माझा मुद्दा! युरेनियम काढून घेतलं तरी मूळ किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग गाळातच राहतो, रेडियम वगैरे मागे उरतात म्हणून. रेडियम तयार होतं युरेनियमच्याच कणात, म्हणजे फेसाबरोबर तेही बरंचसं वर येईल. सांभाळायचा जहाल गाळ थोडा, बाकी साधा दगड.

अंबड एमआयडीसी: साधा कसा? निसटलेले २० टक्के त्याच ढिगात आहेत, रेडियमसकट. त्या ढिगालाही बांध लागणारच.

गंगापूर रोड: आपल्याकडे सगळा काळा बेसाल्ट. नाशिकला युरेनियमशी काय घेणं?

सातपूरची केमिस्ट: लासलगावला २००२ पासून विकिरण केंद्र आहे, भाऊ. तिथला किरणं देणारा कोबाल्ट-६० अणुभट्टीतच तयार होतो, आणि अणुभट्टीला लागतं युरेनियम.
बाकी तुम्ही दोघंही एकाच बाजूने बघताय. फेनतरण युरेनियमच्या धंद्यात आहेच, फक्त बहुतेक वेळा दुसरंच काही वर आणायला. ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक डॅमला तांब्याचं सल्फाइड तरंगवतात आणि खाली राहिलेल्या गाळातून आम्लाने युरेनियम काढतात. आंध्रातल्या तुम्मलपल्लेचा खडक कार्बोनेटचा. तो आम्ल पिऊन टाकेल, म्हणून तिथे आम्लाऐवजी सोडा (सोडियम कार्बोनेट) वापरतात. पण खडकातलं पायराइट, म्हणजे लोखंडाचं सल्फाइड, सोडा खातं. ते आधी फेसात काढलं तर सोडा वाचतो. झारखंडातल्याच मोसाबनीकडच्या तांब्याच्या खाणींच्या गाळातलं युरेनियम तर हलत्या टेबलांवर, निव्वळ कणांच्या जडपणावर, वेगळं काढत असत.

नाशिकरोडचा मास्तर: ताई, मग नको ते तरंगवायला पैसे आहेत आणि हवं ते तरंगवायला नाहीत? हायड्रोक्झॅमेटसारखी नेमकी पकडणारी रसायनं आहेत की.

अंबड एमआयडीसी: आहेत, आणि महागही आहेत. टनामागे अर्धा-पाऊण किलो मालासाठी ती परवडतात, हे आकड्यात मांडा. तोवर मी आम्लाच्या बाजूने.